चाळीस चकत्या, एक ठिपका

सकाळी सव्वानऊला पहिल्या चकतीत काळा ठिपका दिसला, तेव्हा चेतनाला खरं तर आनंदच झाला. मशीन बसवून आठ दिवस झाले होते आणि आठ दिवसांत त्याने एकही दोष दाखवला नव्हता. दोष शोधायला आणलेल्या मशीनला दोषच सापडेना, म्हणून मालक नवनीतभाई येता-जाता दारात थांबून विचारायचे, "चालू तरी शे ना हाई?"

नवनीतभाई पाटलांचा हा छोटासा कारखाना शहाद्याहून तळोद्याला जाणाऱ्या रस्त्यावर, केळीच्या दोन बागांच्या मध्ये होता. तिथे सिरॅमिकच्या बशीएवढ्या पांढऱ्या चकत्या तयार होत. ॲसिडच्या पाइपांना जे मोठे व्हॉल्व असतात, त्यात त्या बसायच्या. चकती वरून कितीही गुळगुळीत दिसली तरी तिच्या पोटात केसाएवढी चीर किंवा मोहरीएवढी पोकळी राहिली, तर तिकडे कुणाच्या तरी अंगावर ॲसिड उडणार. म्हणून प्रत्येक चकती तपासूनच बाहेर जायची.

बावीस वर्षं ते काम निर्मलाबाई करत आल्या होत्या. चकती डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायची, उजव्या हातातल्या लाकडी काडीने हलकेच वाजवायची आणि डोळे मिटून ऐकायचं. ‘टण्ण’ आवाज आला तर पास, ‘ठप्प’ आला तर बाद. त्यांच्या हाताखालून गेलेली चकती कधी परत आली नव्हती. पण आता गुजरातेतल्या मोठ्या कंपनीची ऑर्डर आली होती आणि त्या कंपनीला निर्मलाबाईंचा कान पुरेसा नव्हता. तिला प्रत्येक चकतीच्या पोटाचं चित्र हवं होतं.

म्हणून चेतना. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातल्या फिटरची ही मुलगी नाशिकला शिकून, तिथेच चार वर्षं नोकरी करून, घराजवळ काम मिळतंय म्हणून परत आली होती. मशीन घ्यायला नवनीतभाईंना तिनेच राजी केलं. एक पाण्याची टाकी. टाकीत दुधी रंगाचं प्लास्टिकचं ताट. ताटावर चकती ठेवायची. वरची नळी माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडत चकतीवरून फिरते आणि ताटाखालची नळी तो ऐकत जाते. आवाज आरपार गेला की पडद्यावर करडा रंग उमटतो, पोटातल्या हवेने अडवला की काळा. चेतना त्याला इंग्रजीत भलंमोठं नाव सांगायची. कारखान्यातले सगळे त्याला सोनोग्राफी म्हणायचे. वॉचमन दोधूआप्पांनी तर पहिल्याच दिवशी काळजीने विचारलं होतं, "ताई, सोनोग्राफी शे तर मंग ती कायद्यानी पाटी बी लावनी पडी ना भाईर?"

तर पहिल्या चकतीत ठिपका दिसला. मध्यापासून थोडा उजवीकडे, चांगला गोल, गालावर तीळ असावा तसा. चेतनाने चकती बाजूला ठेवली आणि खुशीत दुसरी लावली. तिच्यातही ठिपका, त्याच जागी. तिसरीतही. पाचव्या चकतीला तिची खुशी गेली आणि दहाव्या चकतीनंतर ती पुढची लावायची थांबली.

ठिपका एकाच जागी यावा याचा अर्थ तिच्या इंजिनिअर डोक्याने ताबडतोब लावला. प्रत्येक चकतीच्या कडेला नंबर छापलेला असे आणि नंबर वरच्या बाजूला करूनच चकती ताटावर ठेवायची, हा तिचाच नियम होता. म्हणजे सगळ्या चकत्यांत नेमक्या त्याच जागी पोकळी होती. म्हणजे चूक एखाद्या चकतीची नव्हती, मुळातच काहीतरी बिघडलं होतं.

"कसं काय चालनं बेटा?" नवनीतभाई नेहमीसारखे दारात थांबले. पडद्याकडे बघून आत आले. "हाऊ काया टिपका काय शे?"

"पोकळी आहे, भाई. आत हवा राहिलीये."

"एकमाच ना?"

"दहा पाहिल्या. दहाही तशाच."

नवनीतभाई स्टुलावर बसले. स्टुलावर दोधूआप्पांनी पुसायचं फडकं वाळत टाकलं होतं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. "बाकीन्या बी देख," ते म्हणाले. "सगळ्या देख."

अकरा वाजेपर्यंत चाळीसच्या चाळीस चकत्या झाल्या. चाळीस ठिपके. यातली खरी मेख अशी, की मशीनमधलं प्रत्येक चित्र निघाल्याबरोबर आपोआप गुजरातेतल्या कंपनीकडे जात होतं. ही सोय चेतनानेच मोठ्या अभिमानाने लावून घेतली होती. ‘आपण काही लपवत नाही हे त्यांना कळू दे,’ असं ती म्हणाली होती. त्यांना ते चाळीस वेळा कळलं.

नवनीतभाईंनी आधी माती दाबून चकत्या घडवणारा प्रेस बंद करायला सांगितला. मग त्यांनी माती पुरवणाऱ्या गुजराती व्यापाऱ्याला फोन लावला.

"तमारी माटीमां हवा छे!" ते ओरडले.

"हवा तो बधे छे, नवनीतभाई," पलीकडून शांत उत्तर आलं. हवा काय, सगळीकडेच असते.

फोन आपटून नवनीतभाई भट्टीकडे निघाले. भट्टी जामसिंगची. हा धडगावकडच्या डोंगरातला माणूस चौदा वर्षं भट्टी सांभाळत होता. भट्टीवर आकडे दाखवणारा डबा होता, पण जामसिंग आधी झरोक्यातून आतल्या उजेडाचा रंग बघायचा आणि मग डबा बरोबर आहे की नाही ते सांगायचा. दुपारी बाराला नवा माल लावून भट्टी पेटवायची होती आणि तो आत शेवटची थप्पी रचत होता.

"जामसिंग, भट्टीमा काहीतरी बिघाड शे. चाळीसमा पोकळी निंघनी."

जामसिंगने हातातली चकती अलगद खाली ठेवली. "माझ्या भट्टीत?"

"मशीन सांगस."

"मशीन भट्टीत आलं होतं का बघायला?"

"आरे, फोटो शे तिना!"

जामसिंग भट्टीतून बाहेर आला. खुंटीवरचा टॉवेल त्याने खांद्यावर टाकला, जेवणाचा डबा उचलला आणि फाटकातून चालू लागला. दोधूआप्पांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "भट्टी बाद, तर मी पण बाद." रस्त्यावर शहाद्याकडे जाणाऱ्या रिक्षाला त्याने हात केला. भट्टी पेटवणारा दुसरा माणूस कारखान्यात नव्हता.

इकडे नवनीतभाईंनी हातोडी मागवली. पोकळी डोळ्यांनी बघायचीच असं त्यांनी ठरवलं. चेतनाने ठिपक्याच्या जागी पेन्सिलीने खूण केली आणि त्यांनी घाव घातला. आत पोकळी नव्हती. तुकडे नीट लागलेल्या दह्यासारखे पांढरेशुभ्र आणि घट्ट. दुसरी फोडली, तिसरी फोडली. तशाच.

"फुटताच पोकळी उडी जात व्हई का?" दोधूआप्पांनी शंका काढली. हवाच ती, उडणारच, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी कोणी वाद घातला नाही, कारण दुसरं काही सांगण्यासारखं कोणाकडेच नव्हतं.

या सगळ्या गोंधळात निर्मलाबाई काडी घेऊन केव्हा येऊन बसल्या ते कोणाला कळलं नाही. उरलेल्या सदतीस चकत्या त्यांनी एकेक करून वाजवल्या. मग उठून चेतनाजवळ आल्या. "पोरी, सगळ्या बोली ऱ्हायन्यात. एक बी मुकी नही. चकत्या चांगल्या शेतस."

चेतना सकाळपासून उपाशी होती. पडद्यावर चाळीस ठिपके होते, बाहेर भट्टी थंड होती आणि कंपनीचा फोन कधीही येणार होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, कानाने कळलं असतं तर मशीन कशाला आणलं असतं? तुम्हाला तर पहिल्यापासून हे मशीन नकोच होतं!"

बोलल्याबरोबर तिला आपली जीभ चावावीशी वाटली. निर्मलाबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. काडी पदराच्या टोकाने पुसून त्या बाहेर गेल्या आणि नळाशी पाय धूत बसल्या. पाय धुतलेलेच होते.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीतले तपासणी अधिकारी, धीरजसाहेब.

"मॅडम, चित्रं पाहिली."

"सर, मी सांगते, ते..."

"उद्या सकाळी येतोय," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

नवनीतभाईंनी डोक्याला हात लावला. चेतनाने टेबलावर डोकं टेकलं. अशा वेळी जे एकच माणूस शांत राहू शकतं, ते म्हणजे दोधूआप्पा. ते चहा घेऊन आले. स्वतःच्या बशीत चहा ओतता ओतता त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी बशी पुन्हा कपात रिकामी केली, धोतराला पुसली आणि चेतनापुढे धरली.

"ताई, मन्ही बशी बी देख ना एकदाव. वीस वरीसनी शे. आतून चांगली शे का नही, कोनले माहीत!"

दुसरा कुठलाही दिवस असता तर चेतना हसली असती. आज तिच्यात नाही म्हणायचीही ताकद नव्हती. तिने बशी घेतली, टाकीत ताटावर ठेवली आणि बटण दाबलं. वरची नळी सरकत गेली. पडद्यावर ओळीओळीने बशी उमटू लागली. मध्यापर्यंत आली. आणि थोडा उजवीकडे, चांगला गोल, काळा ठिपका.

"व माय!" दोधूआप्पा छातीला हात लावून खाली बसले. "वीस वरीस मी पोकळ बशीमा च्या पी ऱ्हायनू!"

"बशीमा बी?" नवनीतभाई उठून उभे राहिले. "बशी तर बजारमाईन लिधी व्हती!"

चेतना पडद्याकडे बघत राहिली. बशी आपल्या प्रेसवर दाबलेली नव्हती. आपल्या मातीची नव्हती. जामसिंगच्या भट्टीत ती कधी गेली नव्हती, आणि तिच्यावर नंबरही नव्हता. सकाळपासून तिने सगळ्यांवर संशय घेतला होता, मशीनवर मात्र नाही. तिने बाह्या वर केल्या, टाकीत हात घातला आणि ताट उचललं. वरून स्वच्छ. तिने खालून बोट फिरवलं. मध्याच्या थोडं बाजूला बोटाला काहीतरी मऊ लागलं.

तिने ताट उलटं केलं. खाली टिकली होती. बायका कपाळाला लावतात ती, मखमलीची, काळी.

मग नवनीतभाईंनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि विचारलं, "कोनी शे ही?"

विचारायची गरज नव्हती. टाकी रोज संध्याकाळी निर्मलाबाई धुवायच्या. त्या नळाकडून ओल्या पायांनी आल्या आणि ताट बघून ओशाळल्या.

"मीच लाई व्हती," त्या म्हणाल्या. "काल तो शेजारना कारखानावाला मशीन देखाले उना व्हता ना? अर्धा घंटा एकटक देखी ऱ्हायंता. काय मशीन शे, काय मशीन शे, करी ऱ्हायंता. मले काय बरं वाटनं नही. पोरनी इतली मेहनतथीन आनेल शे. मंग मी नजर लागाले नको म्हनीसन टिकली लाई दिधी. खालून लाई, दिसाले नको."

टिकलीच्या मखमलीत अडकलेली चिमूटभर हवा सकाळपासून त्या आवाजाला अडवत होती. चेतनाला हे सगळं एका क्षणात कळलं, आणि त्यापेक्षा मोठं जे कळलं त्याने तिचे डोळे भरून आले. तिची शाळेतली, कॉलेजातली, नाशिकच्या ऑफिसातली सगळी शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळाली.

"मावशी, मन्ही चूक व्हयनी वं. मी तुमले काय काय बोली गयू."

"जाऊ दे, भूक लागेल व्हती तुले," निर्मलाबाई म्हणाल्या. "पह्यले त्या जामसिंगले आन. भाकर मंग खाय."

चेतनाने स्कूटर काढली. शहाद्याच्या स्टँडवर धडगावची बस लागलेली होती आणि जामसिंग खिडकीशी डबा मांडीवर घेऊन बसला होता. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चेतना खिडकीखाली उभी राहून ओरडली, "जामसिंगदादा, उतरा! भट्टी बरोबर आहे! टिकली होती!"

"कोणाची टिकली?" जामसिंगने विचारलं.

"मशीनची!"

बसमधल्या पंचवीस-तीस माणसांनी खिडकीतून वाकून या बाईकडे बघितलं. जामसिंग जागचा हलला नाही. "मला काय सांगता? भट्टीला सांगा."

अर्ध्या तासाने तो चेतनाच्या स्कूटरवर मागे बसून आला, तेव्हा नवनीतभाई खरोखरच भट्टीच्या तोंडाशी हात जोडून उभे होते. जामसिंगने ते दुरून बघितलं, टॉवेल खुंटीला लावला आणि थप्पी रचायला लागला. भट्टी दोन तास उशिरा पेटली.

चेतनाने सदतीस चकत्या पुन्हा तपासल्या. छत्तीस अगदी स्वच्छ निघाल्या. एकतीस नंबरच्या चकतीत मात्र अगदी कडेला, मोहरीपेक्षा लहान, खरोखरची पोकळी होती. सकाळच्या चित्रातही ती असणारच, पण सगळ्यांचे डोळे त्या मोठ्या ठिपक्यावर खिळले होते. निर्मलाबाईंनी ती चकती मागून घेतली. एकदा वाजवली, दोनदा वाजवली, डोळे मिटून तिसऱ्यांदा वाजवली. टण्ण.

"मन्हा कानले हाई नही समजनं," त्या हळूच म्हणाल्या. काडी त्यांनी खणात ठेवली. "चांगलं मशीन शे, पोरी." त्या चेतनाकडे न बघता टाकी धुवायला लागल्या. त्यांच्या धुण्यात आज नेहमीचा जोर नव्हता, आणि तो का नाही हे चेतनाला विचारवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी धीरजसाहेबांची गाडी अक्कलकुव्याच्या बाजूने आली. त्याआधी नवनीतभाईंनी चेतनाला तीनदा बजावलं होतं, "टिकलीनं नाव काढजो नको. वायर ढिली व्हती म्हन. टिकली ऐकीसन ते आपले येडं समजतीन."

धीरजसाहेब पन्नाशीचे, बारीक, कमी बोलणारे. त्यांनी चहा घेतला नाही. पिशवीतून चाळीस चित्रांची चळत काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हा ठिपका काय आहे?"

"सर, ती वायर..." चेतना म्हणाली आणि थांबली. वायर या शब्दाच्या पुढे तिला जाता येईना.

"मी लाई व्हती साहेब, टिकली," दारातून आवाज आला. निर्मलाबाई आत आल्या. "मशीनले नजर लागाले नको म्हनीसन. पोरना काही दोष नही. काय बोलनं ते मले बोला."

नवनीतभाईंनी डोळे मिटून घेतले.

चेतनाने मग सगळं सांगितलं. टिकली, हातोडी, बशी, धडगावची बस, आणि वेगळी काढून ठेवलेली एकतीस नंबरची चकतीही पुढे केली. धीरजसाहेबांनी ती हातात घेतली, चळतीतलं एकतिसावं चित्र काढलं आणि कडेच्या त्या बारीक डागावर त्यांनी काल रात्रीच लाल पेनाने केलेला गोल दाखवला.

"ही तुम्ही देता की लपवता, तेवढंच बघायला आलो होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून दुसरी चळत काढली. "ही दुसऱ्या एका पुरवठादाराची चित्रं. नाव सांगत नाही. साठ चकत्या, साठही निर्मळ. नीट बघा."

चेतनाने बघितलं. दोन चित्रं शेजारी धरली, मग चार धरली. "सर, हे एकच चित्र आहे. फक्त नंबर बदललाय."

"सहा महिने मी हेच पास करत होतो," धीरजसाहेब म्हणाले. "काल तुमचे ठिपके आले. ठिपका प्रत्येक चित्रात तोच, पण भोवतालची चकती दर वेळी वेगळी. म्हटलं, निदान एका ठिकाणी तरी कोणी खरोखर चकती पाण्यात ठेवतंय. मग घरी बसून बाकीच्यांची जुनी चित्रं बाहेर काढली." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "आता चहा घेईन. बशी पोकळ नसेल तर."

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. सगळ्या पुरवठादारांसाठी नवा नियम. तपासणीच्या ताटाखाली रोज एक ओळखचिन्ह लावावं, म्हणजे प्रत्येक चित्रात ते दिसेल. चिन्हाची जागा रोज बदलावी. मशीन चालवणाऱ्याने ते लावू नये, दुसऱ्या जबाबदार व्यक्तीने लावावं आणि नोंदवहीत सही करावी. त्या व्यक्तीने सही केल्याशिवाय एकही चकती मंजूर होणार नाही.

नवनीतभाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि दोधूआप्पांना टिकल्यांची पाकिटं आणायला शहाद्याला पाठवलं. आप्पांनी दुकानदाराला सांगितलं, कारखान्यासाठी पाहिजेत, चांगल्या चिकटणाऱ्या दे.

सोमवारी सकाळी चेतनाने नवी नोंदवही उघडली. निर्मलाबाईंनी ताट उलटं करून, बराच विचार करून डावीकडे खाली टिकली लावली, अंगठ्याने दाबली आणि पदराला हात पुसून सही करायला बसल्या. सही झाली. पुढे एक रकाना रिकामा होता.

"मावशी, इथे पद लिहायचंय. तुमचं पद काय लिहू?"

निर्मलाबाईंनी टाकीकडे बघितलं. "मशीननी माय, लिख."

चेतनाने मान खाली घालून सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मुख्य गुणवत्ता निरीक्षक’.

"काय लिखं?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"तेच," चेतना म्हणाली आणि पहिली चकती पाण्यात ठेवली.